अपडेटनंतर कीफ्रेम का बिघडतात? वाचकांचे प्रश्न, उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. सॉफ्टवेअर अपडेट झालं, जुना प्रोजेक्ट उघडला आणि जे काल नीट चालत होतं ते आज झटके देतंय, सरकतंय, उशिरा थांबतंय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवले आणि ही जागा पूर्ण कीफ्रेमला दिली. कीफ्रेम म्हणजे 'या क्षणाला वस्तू इथे' अशी आपण टाइमलाइनवर, म्हणजे व्हिडिओच्या वेळेच्या पट्टीवर, मारलेली खूण. तुमच्यापैकी कुणाचं सॉफ्टवेअर कोणतं ते पत्रातून मुद्दाम काढून टाकलंय, कारण वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची तक्रार तीच आहे आणि कारणंही जवळपास तीच आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार, सातारला माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्नाचे आणि बारशाचे व्हिडिओ करतो. वधूवरांच्या नावाची पट्टी डावीकडून आत येते, मधे थांबते आणि परत जाते असं एक बनवून ठेवलंय, सगळ्या लग्नांना तेच वापरतो. आता सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि पट्टी मधे थांबतच नाहीये, हळूच पुढे सरकते आणि परत मागे येते. कीफ्रेमचे आकडे बघितले तर आधीचेच आहेत, ०, ८००, ८०० आणि ०, म्हणजे मधले दोन्ही सारखेच, मग सरकते कशी? गिऱ्हाईक म्हणतंय नाव हलतंय. सीझन तोंडावर आहे, काय करू?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी एक सांगते म्हणजे जीव भांड्यात पडेल, तुमचे आकडे बिघडलेले नाहीत आणि तुमचा प्रोजेक्टही खराब झालेला नाही. फाइलमधे फक्त एवढंच लिहिलेलं असतं की या क्षणाला ८००, त्या क्षणाला ८००, आणि मधला प्रकार अमुक. मधल्या प्रत्येक फ्रेमला पट्टी कुठे असेल हे कुठेही साठवलेलं नसतं, ते सॉफ्टवेअर दर वेळी नव्यानं मोजतं. त्यामुळे मोजायचा नियम बदलला की आकडे तेच राहूनसुद्धा हालचाल बदलते. अपडेटनंतरच्या निम्म्या तक्रारींच्या मुळाशी हेच असतं.

हाताने ॲनिमेशन व्हायचं तेव्हाही कामाची वाटणी अशीच होती. मुख्य ॲनिमेटर महत्त्वाची चित्रं काढायचा, कागदाच्या कडेला रेघांचा तक्ता काढून ठेवायचा की मधली चित्रं कुठे दाट आणि कुठे विरळ पाहिजेत, आणि मग मदतनीस ती भरायचे. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ पासून ॲनिमेटर राम मोहन यांनी हातानेच काम केलं. आता मदतनिसाची जागा सॉफ्टवेअरने घेतली, पण तो तक्ता आपण काढायचा विसरलो आणि सॉफ्टवेअर म्हणेल तसं मान्य करायला लागलो.

आता तुमची पट्टी. तुमच्या मधल्या कीफ्रेमचा प्रकार बहुतेक 'स्मूथ' किंवा 'ऑटो' असणार. हा प्रकार फक्त दोन कीफ्रेम बघत नाही, आजूबाजूचेही बघतो आणि सगळ्यांतून एक गुळगुळीत वक्र काढतो. १९७४ साली कॅटमल आणि रोम या दोघांनी मांडलेली एक पद्धत यासाठी खूप वापरली जाते. तुमचे चार आकडे घ्या आणि अंतरं सारखी धरा. पट्टी ८०० ला पोचताना तिला उजवीकडे वेग आहे, दुसऱ्या ८०० वरून निघताना डावीकडे वेग आहे, आणि वक्राला कुठेही कोन नको आहे, म्हणून तो मधे फुगतो. हिशोब केला तर बरोबर मध्यावर पट्टी ८०० वर नसते, ९०० वर असते! म्हणजे शंभर पिक्सेल पुढे जाऊन परत येते. तुम्हाला दिसतंय ते हेच.

असं का झालं असेल तर आधीच्या व्हर्जनमधे 'स्मूथ' या नावाखाली न फुगणारा वक्र होता आणि आता फुगणारा आहे, किंवा नवीन प्रकार आले आणि जुन्या प्रोजेक्टमधलं नाव भलत्याच प्रकाराला जोडलं गेलं. दोन्हीत उपाय एकच, मधल्या तुकड्याचा प्रकार सॉफ्टवेअरवर सोडू नका. पहिल्या ८०० पासून दुसऱ्या ८०० पर्यंतचा भाग 'होल्ड' (आकडा तसाच धरून ठेवणारा) करा किंवा 'लिनिअर' (एकाच वेगाने सरळ जाणारा) करा. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअर एमएलटी नावाच्या एकाच पायावर उभी आहेत, तिथे कीफ्रेमचा प्रकार त्याच्या पुढच्या तुकड्याला लागतो. ॲडोबीच्या आफ्टर इफेक्ट्स आणि प्रीमिअरमधे प्रत्येक कीफ्रेमला आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन बाजू असतात, तिथे पहिल्या ८०० ची बाहेरची आणि दुसऱ्या ८०० ची आतली बाजू बघायची.

पण एवढंच केलंत तर नवीन त्रास होईल, तोही सांगून ठेवते. मधला भाग सरळ झाला तरी पट्टी ८०० ला वेगात येते आणि भिंतीला आपटल्यासारखी थांबते. म्हणून इझिंग वापरा, म्हणजे वेग हळूहळू बदलणं; येण्याच्या तुकड्याला शेवटी मंद होणारं इझिंग द्या आणि जाण्याच्या तुकड्याला सुरुवातीला मंद असणारं. मग पट्टी येते, शांतपणे थांबते, थांबूनच राहते आणि शांतपणे निघते, आणि शेजारचे कीफ्रेम कितीही हलवले तरी फुगवटा परत येत नाही.

आफ्टर इफेक्ट्स वापरणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. तिथे पोझिशनला वेळेचं इंटरपोलेशन (मधल्या जागा मोजायची रीत) वेगळं आणि जागेचं वेगळं असतं. तुम्ही वेळेचा ग्राफ कितीही नीट केला तरी जागेचा मार्ग आपोआप वाकडा होऊन लेअर दोन सारख्या कीफ्रेमच्या मधे फिरून येऊ शकतो. प्रेफरन्सेसमधे 'डिफॉल्ट स्पेशिअल (जागेचं) इंटरपोलेशन टू लिनिअर' असा एक टिकमार्क आहे तो चालू करून ठेवा, पण तो पुढच्या नवीन कीफ्रेमनाच लागतो, जुने निवडून हातानेच बदलावे लागतात.

प्रश्न : ताई मी नांदेडला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कवितांच्या ओळींचे रील बनवते. आधी मोबाइलवर करायचे, आता लॅपटॉपवर शिकतेय. एका ट्युटोरिअलमधे बघून ईज इन लावलं तर शब्द हळू सुरू व्हायच्या ऐवजी हळू थांबतोय, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे तेच ईज इन लावलं तर बरोबर उलटं! अपडेटमुळे उलटसुलट झालंय का की मला कळत नाहीये?
(एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : तुझं काहीही चुकत नाहीये, हा घोळ खरंच आहे आणि अपडेटच्याही आधीपासून आहे. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमधे ईज इन म्हणजे कीफ्रेमकडे येताना मंद होणं. तिथे ते कीफ्रेमला लावतात, त्यामुळे दुसऱ्या कीफ्रेमला ईज इन दिलंस की शब्द शेवटी मंद होतो. पण वेबसाइट बनवणाऱ्यांच्या सीएसएसमधे आणि प्रोग्रामर रॉबर्ट पेनर यांनी फ्लॅश या जुन्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरच्या काळात लिहिलेल्या सूत्रांमधे ईज इन हा पूर्ण हालचालीचा गुण असतो, म्हणजे सुरुवात मंद आणि मग वेग. बऱ्याच नव्या सॉफ्टवेअरने पेनरची नावं उचलली, क्युबिक, क्वार्ट, एक्स्पो, बाउन्स, इलॅस्टिक ही सगळी त्यातलीच, त्यामुळे तिथे अर्थ उलटा पडतो. एखाद्या अपडेटमधे जुन्या यादीच्या शेजारी ही नवी यादी आली की एकाच मेनूत दोन्ही पद्धती दिसतात आणि मग माणूस गोंधळणारच.

नाव वाचून प्रकार निवडू नकोस, ग्राफ उघड. व्हॅल्यूचा ग्राफ असेल तर रेघ जिथे आडवी सपाट दिसते तिथे हालचाल मंद, जिथे चढ उभा तिथे वेग जास्त. स्पीडचा ग्राफ असेल तर वाचायची पद्धत वेगळी, तिथे रेघ खाली शून्याला टेकली की थांबलं. एवढं ओळखता आलं की कोणत्याही सॉफ्टवेअरमधे अडकणार नाहीस. आणि कवितेच्या ओळींसाठी एक सुचवू का, शब्द आत येताना सुरुवात मंद नकोच, तो पटकन यावा आणि शेवटी मंदावून स्थिर व्हावा, वाचणाऱ्याच्या डोळ्याला तो थांबल्यावरच वाचायचा असतो ना. बाउन्स आणि इलॅस्टिक कवितेला अजिबात वापरू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे, ओळ उड्या मारत असेल तर अर्थाकडे लक्ष जात नाही.

प्रश्न : आम्ही पुण्यात शाळेच्या मुलांसाठी गणिताचे व्हिडिओ करतो, तीन जणांची टीम. आकडे, आकृत्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतात. अपडेटनंतर नवीन धडे जुन्यांसारखे दिसत नाहीयेत, हालचाल सुरुवातीला अडकल्यासारखी आणि मधे एकदम झटका. कालावधी तोच, अंतर तेच, मेनूमधे निवडलंय पण ईज इन अँड आउटच. जुन्यासारखं कसं करायचं?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : तुम्ही गणित शिकवता म्हणजे तुम्हाला आकड्यांत सांगितलेलं आवडेल, आणि इथे आकड्यांशिवाय नीट कळतही नाही.

समजा एक आकडा २५ फ्रेममधे, म्हणजे आपल्याकडच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एका सेकंदात, ८०० पिक्सेल सरकतोय. लिनिअर असेल तर पाव वेळेत २०० पिक्सेल. आता ईज इन अँड आउट म्हणून एक खूप वापरला जाणारा वक्र आहे, वेळ ० ते १ धरली तर वेळेच्या वर्गाची तिप्पट वजा वेळेच्या घनाची दुप्पट. यात पाव वेळेला आकडा १२५ पिक्सेलवर असतो. दुसरा वक्र पेनरच्या यादीतला क्युबिक इन-आउट, त्याचंही नाव मेनूत कधी कधी नुसतं ईज इन अँड आउटच असतं, आणि त्यात पाव वेळेला आकडा फक्त ५० पिक्सेलवर असतो. दोन्ही अर्ध्या वेळेला बरोबर ४०० वर येतात, दोन्ही शेवटी ८०० वर, त्यामुळे कीफ्रेमकडे बघून फरक कळणारच नाही.

मग उरलेलं अंतर क्युबिक कधी कापतो, तर मधे. सरासरी वेग ३२ पिक्सेल दर फ्रेमला आहे. पहिल्या वक्रात मध्यावरचा वेग सरासरीच्या दीडपट होतो म्हणजे ४८, आणि क्युबिकमधे तिप्पट, म्हणजे ९६. एका फ्रेममधे ९६ पिक्सेल, मोशन ब्लर (वेगामुळे येणारा धूसरपणा) नसताना, म्हणजे डोळ्याला आकडा सरकताना दिसतच नाही, इथून गायब होऊन तिथे उगवल्यासारखा दिसतो. तुमचा 'आधी अडकतो आणि मग झटका' हाच आहे.

जुनं परत आणायला बेझिए हँडल (वक्र वाकवायची मूठ) किंवा चार आकड्यांची चौकट शोधा, बऱ्याच सॉफ्टवेअरमधे ती असते, तिथे ०.३३, ०, ०.६७, १ असे आकडे भरा. हा तो पहिला, सौम्य वक्र. आफ्टर इफेक्ट्समधे एफ ९ दाबून येणारं ईझी ईझ जे आहे, ज्यात इन्फ्लुअन्स ३३.३३ टक्के दिसतो, तेही हेच, थोडं गणित केलंत तर दोन्ही समीकरणं एकच निघतात, मुलांना करून दाखवण्यासारखं आहे. वेबवरून आलेला ईझ-इन-आउट ०.४२, ०, ०.५८, १ असा असतो, त्याचा मधला वेग साधारण १.७ पट, तोही चालण्यासारखा आहे पण जुन्या धड्यांशी जुळवायचं असेल तर पहिलाच घ्या.

एकदा जुळला की प्रीसेट म्हणून सेव्ह करा आणि तिघांच्याही मशीनवर तोच टाका. हे आकडे एका कागदावर लिहून भिंतीला लावा असंही म्हणेन, कारण प्रीसेटची फाइल पुढच्या अपडेटमधे हरवू शकते.

काही जण सांगतात की कीफ्रेम बेक करून टाका, म्हणजे प्रत्येक फ्रेमला एक कीफ्रेम, मग काही बदलणारच नाही. ते खरं आहे, पण नंतर तुम्हाला अर्धा सेकंद जरी लांबवायचा असेल तर २५ कीफ्रेम हलवत बसा. जो धडा पूर्ण झाला, पुन्हा उघडायचा नाही, त्याच्यासाठी ठीक. चालू कामात नको.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहितोय. आमच्या गावच्या जत्रेचे पन्नास साठ वर्षांपूर्वीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो मिळाले, त्यांचा व्हिडिओ करतोय, फोटोवरून कॅमेरा हळूहळू सरकतो असं. इझिंग लावलं तर सुरुवातीला फोटो गचके खात सरकतो, नंतर नीट. इझिंग काढलं तरी बारीक थरथर आहेच. आधीच्या व्हर्जनमधे एवढं जाणवत नव्हतं.
(एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : सर, असे फोटो जपून, त्यांचा व्हिडिओ करताय हे वाचून फार बरं वाटलं, आणि तुमची तक्रार बारीक नजरेची आहे.

संथ हालचालीत एका फ्रेमला एक पिक्सेलसुद्धा सरकायचं नसतं. उदाहरण घ्या, फोटो १० सेकंदात १०० पिक्सेल सरकतोय, म्हणजे २५० फ्रेम. वर पुण्याच्या उत्तरात दिलेला सौम्य वक्र लावला तर पहिला पूर्ण पिक्सेल व्हायला १५ वी फ्रेम उजाडते. सॉफ्टवेअर जर अपूर्णांक कापून टाकत असेल तर फोटो अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ तसाच राहतो, मग १५ व्या फ्रेमला एक पिक्सेल सरकतो, मग २२ व्याला, मग २६ व्याला. डोळ्याला ते गचके दिसतात. लिनिअर केलं तर दर फ्रेमला ०.४ पिक्सेल, म्हणजे दोन किंवा तीन फ्रेमला एकदा सरकणार, तीच तुमची थरथर. एसटी चढावर पहिल्या गिअरमधे आचके देते ना, तसं.

सॉफ्टवेअर अपूर्णांकातली जागा शेजारच्या पिक्सेलचे रंग मिसळून दाखवत असेल तर हे होत नाही. त्यामुळे आधी चित्राच्या (कीफ्रेमच्या नव्हे) इंटरपोलेशनची सेटिंग बघा, तिथे निअरेस्ट नेबर असेल तर बायलिनिअर किंवा बायक्युबिक करा. अपडेटमधे ही सेटिंग परत पहिल्यासारखी होऊ शकते. दुसरं, प्रीव्ह्यूवर विश्वास ठेवू नका, तो वेगासाठी कमी दर्जाचा दाखवतात. पाच सेकंदांचा तुकडा पूर्ण दर्जात एक्सपोर्ट करून टीव्हीवर बघा. तिथे नीट असेल तर काहीच बिघडलेलं नाही.

आणि संपादनाच्या अंगाने सांगायचं तर लांब संथ सरकण्याला इझिंग लावायची गरजच नसते. शॉट सुरू होतानाच फोटो सरकत असू दे आणि सरकतानाच पुढच्या फोटोत डिझॉल्व्ह होऊ दे. इझिंग तिथेच ठेवा जिथे फोटो एखाद्या चेहऱ्यावर येऊन खरंच थांबणार आहे. डाविंची रिझॉल्व्हमधल्या डायनॅमिक झूमला लिनिअर आणि ईजचे पर्याय तिथेच मिळतात, तो प्रकार एवढ्या कामाला पुरतो.

झूमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे अडेल म्हणून सांगते. १०० टक्क्यांवरून ४०० टक्क्यांपर्यंत लिनिअर झूम केला तर तो सुरुवातीला जोरात आणि नंतर मंद वाटतो, कारण १०० चे २०० होताना चित्र दुप्पट होतं आणि ३०० चे ४०० होताना फक्त सव्वापटीहून थोडं जास्त. यात बग काही नाही. आफ्टर इफेक्ट्समधे कीफ्रेम असिस्टंटखाली एक्स्पोनेन्शिअल स्केल आहे ते यासाठीच, इतर ठिकाणी सुरुवात मंद असलेला वक्र लावून जवळपास तसं करता येतं.

प्रश्न : आमच्या टोरांटोच्या गणेशोत्सवासाठी भावाने पुण्याहून ढोलताशाचं टायटल बनवून प्रोजेक्टसकट पाठवलं. त्याची टाइमलाइन २५ ची, माझी २९.९७ ची. प्रत्येक ठोक्याला अक्षर मोठं होतं. माझ्याकडे नवीन व्हर्जनमधे उघडलं तर कीफ्रेमवर प्लेहेड (टाइमलाइनवर सरकणारी उभी रेघ) बसतच नाही, आणि मी काही बदललं की तिथे अक्षर एकदम उडी मारतं. भावाकडे सगळं ठीक आहे.
(एक वाचक, टोरांटो)

उत्तर : दोष इझिंगचा नाही, फ्रेम रेटचा आहे. भावाचा कीफ्रेम ४० व्या फ्रेमला आहे असं धरू, २५ च्या हिशोबाने ती वेळ १.६ सेकंद. तुमच्या २९.९७ मधे १.६ सेकंद म्हणजे ४७.९५ वी फ्रेम. अशी फ्रेम नसतेच, त्यामुळे कीफ्रेम ४७ आणि ४८ च्या मधे लटकतो. प्लेहेड फक्त पूर्ण फ्रेमवर थांबतं, तुम्ही ४८ वर जाऊन आकडा बदलता, सॉफ्टवेअर तिथे नवीन कीफ्रेम टाकतं आणि जुना शेजारीच राहतो. टाइमलाइनवर दोन्ही एकमेकांवर चढलेले असल्यामुळे एकच दिसतात. इझिंग जुन्या आकड्याकडे जात असतं आणि शेवटच्या क्षणी नवीन आकडा येतो, म्हणून उडी. जुनं व्हर्जन कदाचित जवळच्या फ्रेमला गोल करत असेल आणि नवीन खरी वेळ तशीच ठेवत असेल, त्यामुळे आधी जाणवलं नाही.

टाइमलाइन जितकी मोठी करता येते तितकी करा, माउसने न जाता पुढचा कीफ्रेम, मागचा कीफ्रेम या बाणांनी जा, जिथे दोन लागोपाठ सापडतील तिथला जुना काढा आणि उरलेले पूर्ण फ्रेमवर ओढून घ्या. ढोलाच्या ठोक्याला एखादी फ्रेम इकडे तिकडे झाली तरी फरक कळत नाही.

उलटा प्रकारही होतो. काही सॉफ्टवेअर वेळ न ठेवता फ्रेमचा नंबर ठेवतात, मग ४० वी फ्रेम ४० वीच राहते आणि ती येते १.३३ सेकंदाला, म्हणजे पाव सेकंदाहून जास्त आधी. तसं असेल तर सगळे कीफ्रेम निवडून एकत्र १.२ पट ताणायचे. आफ्टर इफेक्ट्समधे सगळे निवडून शेवटचा ऑल्ट दाबून ओढला की सगळे प्रमाणात पसरतात. पुढच्या वर्षी भावाला सुरुवातीलाच २९.९७ ची टाइमलाइन घ्यायला सांगा, हे सगळं वाचेल.

प्रश्न : अपडेट काढून जुनं व्हर्जन टाकलं, पण आता प्रोजेक्टच उघडत नाही. अर्धं काम नवीन व्हर्जनमधे झालं होतं. काही मार्ग आहे का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बहुतेक सॉफ्टवेअरमधे प्रोजेक्ट एकदा नवीन व्हर्जनमधे सेव्ह झाला की जुनं व्हर्जन तो घेत नाही. आधी ऑटोसेव्हचं फोल्डर बघा, अपडेटच्या आधीच्या तारखेची फाइल तिथे असण्याची चांगली शक्यता असते. प्रीमिअर जुना प्रोजेक्ट उघडताना नवीन नावाने कॉपी करतं, त्यामुळे मूळ फाइल तुमच्याकडे असायला हवी, नीट शोधा. आफ्टर इफेक्ट्समधे नवीन व्हर्जनमधूनच जुन्यासाठी कॉपी सेव्ह करायची सोय आहे, ते परत इन्स्टॉल करून कॉपी काढा. रिझॉल्व्हमधे प्रोजेक्ट डेटाबेसमधे असतात, तिथे मोठ्या अपडेटआधी अख्ख्या डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा असतो, नुसती एका प्रोजेक्टची फाइल पुरत नाही. यातलं काहीच नसेल तर नवीन व्हर्जनमधेच काम संपवा आणि बिघडलेल्या हालचाली हाताने वक्र देऊन नीट करा, जुन्याच्या मागे रात्री घालवू नका.

आणि हे सगळ्याच वाचकांना कळकळीने सांगते, गिऱ्हाईकाचं काम चालू असताना अपडेट करू नका. ऑटो अपडेट बंद ठेवा. काम देऊन झालं, पैसे आले, मग करा.

प्रश्न : बग कंपनीला कळवून उपयोग होतो का? मी एकदा लिहिलं होतं, उत्तर आलं नाही.
(एक वाचक, बेळगाव)

उत्तर : होतो, पण कसं लिहिता त्यावर आहे. 'अपडेटनंतर इझिंग खराब झालं' एवढ्यावरून समोरच्याला काहीच करता येत नाही, त्याला ते त्याच्या मशीनवर घडवून बघता आलं पाहिजे. आधीचं व्हर्जन, आत्ताचं व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम, टाइमलाइनचा फ्रेम रेट, कीफ्रेमचे आकडे आणि प्रकार, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. साताऱ्याच्या वाचकाने '०, ८००, ८००, ० असे चार कीफ्रेम, सारख्या अंतरावर, प्रकार स्मूथ, मध्यावर ८०० हवं, ९०० येतंय' असं लिहिलं तर ते वाचणारा प्रोग्रामर पाच मिनिटांत मुद्द्यावर येईल. साध्या इंग्रजीत लिहिलं तरी चालतं, व्याकरण कुणी तपासत नाही. केडेनलाइव्हसारख्या मोफत सॉफ्टवेअरची बगची यादी सगळ्यांना खुली असते, तिथे आधी शोधा, तुमचाच त्रास कुणी लिहिलेला असेल तर नवीन न लिहिता त्याखाली तुमची माहिती जोडा.

सोबत प्रोजेक्टची फाइल जोडाच, पण गिऱ्हाईकाच्या लग्नाची नको. नवीन रिकामा प्रोजेक्ट घ्या, त्यात एका रंगाचा चौकोन आणि फक्त तेवढेच कीफ्रेम ठेवा, त्यातही बग दिसतोय याची खात्री करा आणि मग तीच पाठवा.